गार्डन ट्रॅक्टरची नियमित देखभाल: कोणते काम आधी, कोणते नंतर

गार्डन ट्रॅक्टर घेतल्यानंतरच्या पहिल्या हंगामात मला सर्वांत जास्त अडचण आली ती कामांच्या क्रमाची. तेल कसे बदलावे, पाती कशी काढावीत हे यंत्रासोबत मिळालेल्या पुस्तिकेत चित्रांसह दिलेले असते. पण आधी डेकची, म्हणजे पात्यांवरच्या पत्र्याच्या आवरणाची, पातळी लावायची की आधी टायरमधली हवा पाहायची, पाती धार लावण्यासाठी काढायचीच आहेत तर बेल्ट त्याच वेळी तपासायचा की वेगळा, हे पुस्तिका सांगत नाही, कारण तिच्यात प्रत्येक काम वेगळ्या पानावर असते. मी डेकची पातळी एकाच दिवशी दोनदा लावली, आणि दुसऱ्यांदाही ती चुकीचीच लागली होती, कारण मागच्या एका टायरमध्ये हवा कमी होती. पुढील टिपण कामाच्या क्रमाने लिहिले आहे. पेट्रोलवर चालणारे, हवेने थंड होणारे एक किंवा दोन सिलिंडरचे इंजिन आणि पोटाखाली गवत कापणारा डेक असलेले यंत्र येथे गृहीत धरले आहे.

१. कागद आणि क्रमांक आधी हाताशी घ्या

पहिली गोष्ट म्हणजे दोन क्रमांक शोधून वहीत लिहून ठेवणे. ट्रॅक्टरचा मॉडेल क्रमांक बहुधा आसनाखालच्या पट्टीवर किंवा स्टिकरवर असतो. इंजिनाचा क्रमांक वेगळा असतो आणि तो इंजिनाच्या आवरणावर छापलेला किंवा कोरलेला सापडतो. अनेक ट्रॅक्टरांमध्ये इंजिन दुसऱ्याच उत्पादकाचे असते, त्यामुळे तेल गाळणारा फिल्टर, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग इंजिनाच्या क्रमांकावरून मागवावे लागतात, तर पाती, बेल्ट आणि पुली ट्रॅक्टरच्या क्रमांकावरून. नवखा माणूस येथेच फसतो: तो एकच क्रमांक सांगून सर्व सामान मागवतो, आणि निम्मे सामान बसत नाही. दोन्ही पुस्तिका, म्हणजे ट्रॅक्टरची आणि इंजिनाची, जवळ ठेवा. पुढे मी जे आकडे दिले आहेत ते अशा यंत्रांमध्ये सर्वसाधारणपणे आढळणारे आहेत. तुमच्या पुस्तिकेतील आकडा वेगळा असेल तर तोच पाळा.

तिसरा कागद म्हणजे नोंदवही. देखभालीचा हिशेब कामाच्या तासांवर चालतो, म्हणून अवर मीटर (इंजिन किती तास चालले ते मोजणारे मीटर) असल्यास प्रत्येक कामाच्या वेळी त्यावरील आकडा लिहावा. मीटर नसल्यास प्रत्येक कापणीला किती वेळ लागला ते लिहून बेरीज करत राहावे. अंदाजपंचे चालणाऱ्याचा तेल बदलण्याचा पन्नास तासांचा टप्पा नेहमी मागे सुटतो.

२. हत्यारे

सॉकेटचा संच, स्पार्क प्लगचा सॉकेट, टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा), फीलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या), ग्रीस गन, टायरमधील हवेचा दाब मोजण्याचा गेज आणि साधा मल्टिमीटर एवढ्यावर बहुतेक काम भागते. याशिवाय जुने तेल धरण्यासाठी पसरट भांडे, नरसाळे, तारेचा ब्रश, चपटी कानस, डेक खरवडण्यासाठी प्लास्टिकची किंवा लाकडी पट्टी, जाड हातमोजे, डोळ्यांवरचा चष्मा आणि पाते अडवून धरण्यासाठी लाकडाचा एक ठोकळा लागतो. ट्रॅक्टर उचलणार असाल तर जॅकबरोबर आधाराचे स्टँडही हवेतच. केवळ जॅकवर तोललेल्या यंत्राखाली हात घालणे जिवावर बेतू शकते, आणि याबाबत कोणतीही सवलत नाही.

३. यंत्र पूर्ण बंद करा

सपाट जागा निवडा, पार्किंग ब्रेक लावा, डेक खाली घ्या, किल्ली काढून खिशात ठेवा आणि स्पार्क प्लगवरची टोपी ओढून बाजूला बांधून ठेवा. दोन सिलिंडर असतील तर दोन्ही टोप्या काढा. किल्ली काढली म्हणजे पुरे, असे समजू नका. पाते हाताने फिरवताना काही रचनांमध्ये इंजिनाचा दांडाही फिरतो आणि तेवढ्याने ठिणगी पडू शकते. इंजिन बंदिस्त खोलीत चालू करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे धोका लक्षात येण्याआधीच माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

४. कोणतेही झाकण उघडण्यापूर्वी साफसफाई

गवताचा बारीक चोथा हा या यंत्राचा खरा शत्रू आहे. इंजिन हवेने थंड होते, म्हणजे वरच्या जाळीतून ओढलेली हवा सिलिंडरभोवतीच्या पंखांसारख्या पत्र्यांमधून जाते आणि उष्णता बाहेर नेते. या फटींमध्ये वाळलेले गवत दाबून बसले की इंजिन आतून तापते, तेल पातळ पडते आणि कालांतराने हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्याचे हेड यांच्यामधली सील, उडते. वरून जाळी स्वच्छ दिसते म्हणून समाधान मानू नका. हंगामातून एकदा तरी पंख्यावरचे आवरण बोल्ट काढून उचला आणि खाली पाहा. मी पहिल्यांदा ते उचलले तेव्हा सिलिंडरच्या एका बाजूच्या सगळ्या फटी राखाडी, चटईसारख्या थराने भरलेल्या होत्या. बोटाने उचकटल्यावर तो थर सलग निघून आला आणि त्याच्या आतल्या बाजूला गवत करपून तपकिरी झाले होते. बाहेरून मात्र इंजिन अगदी नीट दिसत होते.

साफसफाई थंड इंजिनावर, कोरड्या ब्रशने किंवा हलक्या दाबाच्या हवेने करावी. गरम इंजिनावर पाणी मारू नये, आणि जोराच्या पाण्याचा फवारा बेअरिंग, वायरिंग व कार्बुरेटरच्या जवळ नेऊ नये. हे काम पहिले करण्याचे कारण सरळ आहे: आजूबाजूला कचरा असताना तेलाचे बूच किंवा एअर फिल्टरचे झाकण उघडले, तर तो कचरा इंजिनात जातो.

५. इंजिनाचे तेल

नव्या इंजिनाचे पहिले तेल बहुधा ५ ते ८ तासांनंतर बदलायला सांगितलेले असते, कारण सुरुवातीच्या तासांत धातूचे बारीक कण तेलात उतरतात. पुढे साधारण दर ५० तासांनी किंवा हंगामातून एकदा, यांपैकी जे आधी येईल तेव्हा. धुळीत किंवा कडक उन्हात काम असेल तर त्याहून लवकर.

आता स्पार्क प्लगची टोपी परत बसवा, इंजिन पाचेक मिनिटे चालवा, बंद करा, टोपी पुन्हा काढा आणि थोडे थांबून तेल सोडा. कोमट तेल पातळ असल्याने तळाचा गाळ घेऊन बाहेर पडते; थंड तेल सोडले तर गाळ आतच राहतो. तेल फिल्टर काढल्यावर जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनाला चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. जुन्या कडीवर नवी कडी बसली की इंजिन चालू होताच तेल दाबाने बाहेर फेकले जाते. नव्या कडीला तेलाचे बोट लावा, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग अर्धा ते पाऊण फेरा आणखी द्या. पाना लावून आवळू नका.

उष्ण हवेत एसएई ३० आणि तापमान खूप बदलते तेथे १०डब्ल्यू-३० हे तेल सामान्यतः चालते. एका सिलिंडरच्या इंजिनात साधारण दीड लिटरपेक्षा थोडे कमी आणि दोन सिलिंडरच्या इंजिनात दोन लिटरच्या आसपास तेल मावते. पण बाटलीवरच्या मापापेक्षा डिपस्टिकवर, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर, विश्वास ठेवा. आधी थोडे कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, बंद करून थांबा, मग पातळी पाहून उरलेले भरा. काही डिपस्टिक आट्यांमध्ये पूर्ण फिरवून पातळी पाहायची असते, तर काही नुसत्या टेकवून. ही बारीक गोष्ट पुस्तिकेतूनच कळते, आणि ती चुकली तर तेल जास्त भरले जाते. जास्त तेल हे कमी तेलाइतकेच वाईट: पांढरा धूर येतो आणि इंजिनातील वाफा बाहेर सोडणाऱ्या श्वसननळीतून तेल एअर फिल्टरपर्यंत पोहोचते.

एक खूण विशेष लक्षात ठेवा. तेल न घालताच पातळी वाढलेली दिसली आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला, तर कार्बुरेटरची सुई नीट बंद होत नसून पेट्रोल इंजिनात झिरपत आहे. अशा पातळ तेलावर इंजिन चालवू नये. आधी गळती दुरुस्त करावी, मग तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. जुने तेल जमिनीत किंवा गटारात ओतू नका. बंद डब्यात भरून ते जेथे जमा करून घेतात तेथे द्या.

६. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग

कागदी फिल्टर दर २५ तासांनी काढून सपाट जागेवर हलकेच आपटावा. तो धुवू नये, त्यावर तेल टाकू नये आणि त्यात जोराची हवाही मारू नये, कारण कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते. त्याभोवती स्पंजचे आवरण असल्यास ते साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवून बसवावे. कागद काळवंडला असेल किंवा त्यावर तेल आले असेल तर नवा घ्या. येथे काटकसर महागात पडते.

स्पार्क प्लग साधारण १०० तासांनी किंवा हंगामातून एकदा बदलावा. प्लगच्या दोन टोकांमधली फट बऱ्याच इंजिनांत ०.७६ मिलिमीटर असते. ती फीलर गेजने मोजा. प्लग बसवताना पहिले काही फेरे नेहमी हाताने द्या. सिलिंडरचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि प्लग तिरका धरून पाना लावला की आटे मरतात. ही चूक दुरुस्त करायला कारागीरच लागतो.

७. पेट्रोल

सुरू न होणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे बहुतेक वेळा जुने पेट्रोल असते. साधारण ३० दिवसांनंतर पेट्रोल शिळे होऊ लागते, त्यातील हलके घटक उडून जातात आणि उरलेला चिकट थर कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत बसतो. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे हे आणखी लवकर घडते. या इंजिनांना सहसा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते. महिन्याभरात संपेल एवढेच पेट्रोल आणावे, आणि अधिक काळ ठेवायचे झाल्यास ताज्या पेट्रोलमध्येच स्टॅबिलायझर (पेट्रोल टिकवणारे द्रव्य) मिसळावे. शिळे झालेले पेट्रोल त्याने पुन्हा ताजे होत नाही.

पेट्रोलचा फिल्टर बदलताना त्यावरील बाणाची दिशा टाकीकडून कार्बुरेटरकडे असावी. टाकी गरम इंजिनावर कधीही भरू नका.

८. बॅटरी, आणि बॅटरीचा वाटणारा पण तिचा नसलेला दोष

विश्रांती घेतलेली पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. आकडा १२.४च्या खाली गेला असेल तर ती कमी अँपिअरच्या चार्जरने सावकाश चार्ज करा. इंजिन वेगात चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत; तसे दिसत नसतील तर चार्जिंगच्या यंत्रणेकडे पाहावे लागेल. तार काढताना ऋण बाजूची आधी काढा आणि लावताना ती शेवटी लावा. टोकांवर आलेली पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि वर ग्रीसचा पातळ हात द्या.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेते, अडते, आणि मग पुढे जात नाही, असे झाले की सगळे बॅटरीला दोष देतात. मीही नवी बॅटरी आणली आणि इंजिन तसेच अडत राहिले. या इंजिनांमध्ये सुरू होताना सिलिंडरमधला दाब थोडा सोडून देण्याची यांत्रिक सोय असते, आणि व्हॉल्व्ह व त्याला ढकलणारा भाग यांच्यामधले अंतर वाढले की ती सोय काम करेनाशी होते. मग स्टार्टरला पूर्ण दाबाविरुद्ध इंजिन फिरवावे लागते. म्हणून बॅटरी मल्टिमीटरवर ठीक दिसत असेल आणि तारांची टोके स्वच्छ असतील, तर व्हॉल्व्हचे अंतर तपासून घ्या. फीलर गेज आणि पुस्तिकेतील आकडा असेल तर हे काम थंड इंजिनावर घरीही करता येते.

९. डेक बाहेर काढा: पाती, बेल्ट आणि स्पिंडल एकाच वेळी

डेक काढण्याआधी बेल्ट कोणत्या पुलीच्या कोणत्या बाजूने गेला आहे, याचे छायाचित्र घ्या. हे एक छायाचित्र संध्याकाळचा दीड तास वाचवते. नंतर पुस्तिकेप्रमाणे बेल्ट इंजिनाच्या पुलीवरून उतरवा, पिना काढा आणि डेक बाजूने सरकवून बाहेर घ्या. आता तो उलटा करून वाळलेले गवत पट्टीने खरवडा. ओल्या गवताची खपली पत्र्याला चिकटून राहिली की आतून गंज धरतो, आणि हवेचा प्रवाह अडल्याने कापलेले गवत नीट बाहेरही पडत नाही.

पाती बोथट झाली आहेत हे गवतच सांगते. कापल्यानंतर एक-दोन दिवसांनी गवताचे शेंडे पांढरट-तपकिरी दिसत असतील, तर गवताचे एक पाते उपटून जवळून पाहा: धारदार पात्याने कापलेला शेंडा सरळ असतो, बोथट पात्याने तुटलेल्या शेंड्याला धागे लोंबत असतात. साधारण दर २५ तासांनी धार पाहावी, आणि दगड लागला असेल तर त्याच दिवशी.

पाते सोडवताना डेक आणि पाते यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, हातमोजे घाला. कानस मूळ उतारावरूनच, एकाच दिशेने आणि फक्त वरच्या उताराच्या बाजूने चालवा. हा कोन बहुतेक पात्यांना ३० अंशांच्या आसपास असतो. वस्तऱ्यासारखी पातळ धार काढू नका, ती पहिल्याच खड्याला दुमडते. ग्राइंडर वापरलात तर पाते निळे पडू देऊ नका, कारण निळ्या जागी पोलाद मऊ झालेले असते. मग भिंतीत आडवा ठोकलेल्या खिळ्यावर पात्याचे मधले भोक अडकवा आणि कोणते टोक खाली झुकते ते पाहा. जड टोकाची थोडी धातू काढा, पुन्हा अडकवा, आणि पाते आडवे स्थिर राहीपर्यंत हे करत राहा. पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो, त्यामुळे एका टोकाचे किंचित जादा वजनही स्पिंडलचे, म्हणजे पाते ज्या दांड्यावर फिरते त्याचे, बेअरिंग खाऊन टाकते.

पात्याच्या मागच्या वळलेल्या पंखाकडेही पाहा. वाळूच्या घर्षणाने त्याच्या मुळाशी पत्रा पातळ होऊन चीर पडू लागली असेल, तर धार कितीही चांगली असली तरी ते पाते टाकून द्या. बसवताना वळलेला पंख डेकच्या पत्र्याकडे, म्हणजे वर असला पाहिजे. उलटे बसवलेले पाते फिरते, आवाजही तसाच येतो, पण कापत नाही, आणि ही चूक जितकी वाटते त्यापेक्षा अधिक वेळा होते. बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्याइतकाच आवळा.

पाती बसवण्यापूर्वी, डेक समोर आहेच तर, प्रत्येक स्पिंडल हाताने फिरवून पाहा. खरखर आवाज आला किंवा दांडा हलला, तर बेअरिंग गेले. ग्रीस निपल असल्यास ते पुसून मगच ग्रीस गन लावा, नाहीतर निपलवरची माती ग्रीसबरोबर आत जाते. बेल्टच्या आतल्या बाजूला आडव्या चिरा, काचेसारखी चकाकी किंवा कडेला सुटलेले धागे दिसले तर तो बदला. बेल्ट मूळ मापाचा आणि मूळ प्रकारचाच घ्या. दिसायला सारखा असलेला साधा बेल्ट क्लचसारखे घसरणे सोसत नाही.

१०. आधी टायर, मग डेकची पातळी

डेक परत बसवल्यावर पहिले काम टायरचे. अनेक यंत्रांत पुढे १४ आणि मागे १० पीएसआयच्या आसपास हवा असते. डाव्या-उजव्या टायरमध्ये ती सारखी असणे सर्वांत महत्त्वाचे. त्यानंतरच पातळी मोजा.

पाती आडवी करून डाव्या आणि उजव्या बाहेरच्या टोकांची जमिनीपासूनची उंची मोजा. फरक ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. नंतर पात्यांची टोके पुढे-मागे येतील अशी ती फिरवून मोजा. पुढचे टोक मागच्यापेक्षा थोडे खाली, साधारण ३ ते १० मिलिमीटर, हवे. मागचे टोक खाली असेल तर तेच गवत दोनदा कापले जाते आणि इंजिनावर विनाकारण भार येतो. धार लावण्याआधी पातळी लावू नका, कारण वाकलेल्या पात्यावर घेतलेले माप फसवे असते.

११. उरलेली जोडणी

पुढचा आस, पुढची चाके आणि सुकाणूचे सांधे यांना दर २५ ते ५० तासांनी ग्रीस द्या. हायड्रोस्टॅटिक गिअर (तेलाच्या दाबावर चालणारा) असलेला ट्रॅक्टर गरम झाल्यावर चढावर मंदावत असेल, तर प्रथम गिअरपेटीवरचा छोटा पंखा आणि तिच्या फटी साफ करा. तिचे तेल बदलता येते की ती कायमची बंद आहे, हे पुस्तिकेत पाहा. बंद पडलेला ट्रॅक्टर ढकलायचा झाल्यास चाके गिअरपासून मोकळी करण्याचा दांडा ओढूनच ढकला. दुसऱ्या वाहनाला बांधून ओढू नका.

१२. सुरक्षेचे स्विच तपासा

टोप्या बसवा आणि मोकळ्या जागेत तपासा. ब्रेक न दाबता इंजिन सुरू होता कामा नये. पाती चालू असताना आसनावरून शरीराचे वजन उचलताच इंजिन बंद पडले पाहिजे. स्विच सतावतो म्हणून तो तारेने जोडून टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी नक्की देईल. कृपया तो ऐकू नका. आसनावरून घसरलेल्या माणसाचा पाय आणि फिरते पाते यांच्यामध्ये तेवढा एकच स्विच असतो.

१३. हंगाम संपल्यावर

तेल हंगामाच्या शेवटी बदला, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल पदार्थ महिनोन्महिने बेअरिंगवर बसून राहतात. टाकीत स्टॅबिलायझर मिसळलेले ताजे पेट्रोल घालून इंजिन दहा मिनिटे चालवा, म्हणजे ते कार्बुरेटरपर्यंत पोहोचते. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करा. डेक खरवडलेला आणि कोरडा असावा. पंख्याच्या आवरणाखाली उंदीर घरटे करतात, म्हणून पुढच्या हंगामात किल्ली फिरवण्याआधी तेथे टॉर्च मारून पाहा. शेवटी अवर मीटरवरचा आकडा, तारीख आणि बदललेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक वहीत लिहा, आणि ती वही किल्लीसोबत ठेवा.